शिफ्ट बदलताना काय सांगायचे: कारखान्यातील माझे पहिले वर्ष

मेकॅनिकल शाखेची पदविका घेऊन मी २०२२ साली चाकणच्या औद्योगिक वसाहतीत शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू झाले, तेव्हा संवादकौशल्य म्हणजे न अडखळता इंग्रजी बोलणे, अशी माझी आणि माझ्या वर्गातल्या जवळपास सगळ्यांची पक्की समजूत होती. ती कुठून आली हे सांगणे अवघड नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यानंतर एकदम सगळी पुस्तके इंग्रजीत, आणि तिसऱ्या वर्षी प्लेसमेंटचे वारे सुरू झाले की पाहुणे व्याख्याते येऊन हस्तांदोलन कसे करावे, खुर्चीत कसे बसावे आणि ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चे उत्तर कसे पाठ करावे हे शिकवून जात. त्यातले काही अगदीच वाया गेले असे मी म्हणणार नाही. मात्र पुढच्या वर्षभरात मी जी कामे अडताना, बिघडताना आणि पुन्हा मार्गी लागताना पाहिली, त्यांचा या शिकवणीशी फार थोडा संबंध होता, आणि ज्या गोष्टींशी संबंध होता त्या आम्हाला तीन वर्षांत कोणी मुद्दाम शिकवल्या नव्हत्या.

आमच्या तुकडीची परिस्थिती थोडी वेगळीही होती. २०१९ मध्ये प्रवेश घेतला आणि पहिले वर्ष पुरे होण्याआधीच टाळेबंदी आली. पुढे वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरू लागले, माइक बंद ठेवणे हीच शिस्त ठरली आणि परीक्षाही ऑनलाइन, दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडण्याच्या झाल्या. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या त्या वेळच्या ‘आय’ अभ्यासक्रमात चौथ्या सत्रानंतर सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण आणि विषयागणिक छोटे गटप्रकल्प होते. विद्यार्थ्याने चार लोकांत काम करावे, ते मांडावे आणि लिहावे यासाठी याहून चांगली सोय कोणती असणार? पण आमच्या वाट्याला तिचे कागदी रूपच अधिक आले. गटातल्या एकाने अहवाल टंकित करायचा आणि उरलेल्यांनी मुखपृष्ठावर नाव घालायचे, हा प्रघात करोनाच्या आधीही होता, करोनाने त्याला निमित्त दिले एवढेच.

या कागदीपणाची पहिली परीक्षा मुलाखतीत झाली. पाठ केलेला परिचय मी नीट म्हटला. समोरच्या दोघांपैकी वयाने मोठे असलेल्या साहेबांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाच्या नावावर बोट ठेवून विचारले, “यात तुम्ही काय केलंत?” मी ‘वुई हॅव डिझाइन्ड’ असे सुरू करताच त्यांनी हात वर केला. “‘वुई’ राहू द्या. तुम्ही स्वतः काय केलंत ते सांगा.” आमचा प्रकल्प भुईमुगाच्या शेंगा फोडण्याच्या हातयंत्राचा होता. त्यातल्या चाळणीची जबाबदारी माझ्याकडे होती, आणि चाळणीच्या फटी किती मिलिमीटर ठेवायच्या हे मी औसा तालुक्यातल्या आमच्या घरच्या शेंगा आणि दाणे व्हर्नियरने मोजून ठरवले होते. हे सांगताना इंग्रजी कधी सुटले आणि मराठी कधी सुरू झाली ते मला कळले नाही. त्यांनीही ते मनावर घेतल्याचे दिसले नाही.

त्यानंतर त्यांनी टेबलावरचा एक तयार सुटा भाग माझ्या हातात दिला, स्वतः कागद-पेन्सिल घेऊन खुर्ची वळवली आणि माझ्याकडे पाठ केली. “समजा, मी फोनवर आहे. मला हा पार्ट दिसत नाही. मला कागदावर काढता येईल असा सांगा.” मी म्हटले, गोल आहे, मध्ये बोअर, म्हणजे भोक, आहे. त्यांनी एक वर्तुळ काढले, आत दुसरे वर्तुळ काढले आणि ते थांबले. मग माझ्या लक्षात येऊ लागले की लांबी सांगायला हवी, बोअर आरपार आहे की बंद ते सांगायला हवे, कॉलर कोणत्या टोकाला आहे, तेलाचे भोक कॉलरपासून किती अंतरावर आहे, आणि मुख्य म्हणजे आधी पूर्ण आकार व मग तपशील या क्रमाने सांगायला हवे, नाहीतर ऐकणाऱ्याला प्रत्येक वाक्यागणिक खोडरबर घ्यावे लागते. मुलाखतीच्या नावाखाली चालणाऱ्या अनेक प्रकारांपेक्षा हा प्रश्न मला आजही अधिक न्याय्य वाटतो, कारण त्यात उच्चाराला काडीची किंमत नव्हती आणि पाठांतराला वाव नव्हता.

शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ सालचा आहे. पदवी आणि पदविका घेतलेल्या अभियंत्यांना त्याच्या कक्षेत १९७३ च्या दुरुस्तीने आणले गेले. आमच्या वेळी पदविकाधारकाला किमान विद्यावेतन महिना ८,००० रुपये होते आणि त्या किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलत असे. खराबवाडीत तिघींनी मिळून घेतलेली खोली, डबा आणि येण्याजाण्याचा खर्च भागवला की हातात फारसे काही उरत नसे, पण तो या लेखाचा विषय नाही. कारखाना वाहनांचे सुटे भाग बनवणारा, मध्यम आकाराचा. माझी नेमणूक गुणवत्ता विभागात, सीएनसी टर्निंगच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथच्या, लाइनवर. आणि ज्यांच्या हाताखाली मला शिकायचे होते त्या मॅडम स्वतः पदविकाधारकच होत्या आणि त्याच लाइनवर वाढलेल्या होत्या.

पहिले काही आठवडे माझे काम मुख्यतः मोजण्याचे आणि ऐकण्याचे होते. यंत्रांच्या आवाजात वाक्याचा पहिला शब्द हमखास बुडतो, म्हणून इथली माणसे आधी नुसती हाक मारतात, समोरच्याने मान वळवल्यावरच मुद्द्याचे बोलतात, आणि आकडा असेल तर तो बोटांनी दाखवतात किंवा हातमोज्यावर खडूने लिहितात. जुने ऑपरेटर आपल्याकडचे, त्यांना सगळे मामा म्हणत. कंत्राटावरची तरुण मुले बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची. सेटरांमध्ये, म्हणजे यंत्र जुळवून देणाऱ्यांमध्ये, दोन्हीकडचे लोक. मामा मंडळी मला आधी ‘मॅडम’ म्हणत आणि ओळख वाढल्यावर ‘पोरी’ म्हणू लागली, ही माझ्या मते बढतीच होती. लाइनवरची बोलण्याची भाषा मराठी-हिंदीची खिचडी, लिहिण्याची भाषा मोडकी इंग्रजी, आणि ड्रॉइंगची भाषा आकड्यांची. आम्ही तीन वर्षे ज्या ‘कम्युनिकेशन’चा धसका घेतला होता ते इथे कोणीच बोलत नव्हते.

प्रत्येक लाइनवर शिफ्ट बदलाचे एक रजिस्टर असते. मी सुरुवातीला त्यातल्या आधीच्या नोंदी पाहून तशाच नोंदी करू लागले: ‘मशीन ओके’, ‘लाइन चालू’, ‘बोअरकडे लक्ष ठेवणे’. मॅडम रोज सकाळी ते वाचत. एक दिवस त्यांनी रजिस्टर माझ्यासमोर ठेवले आणि विचारले, “‘लक्ष ठेवणे’ हे वाचून मी आता काय करू? दर तुकडा मोजू, की दहावा मोजू? किती झाल्यावर तुला बोलावू?” त्या आवाज चढवून बोलत नसत. पण त्यानंतर त्यांनी मला नोंद लिहिण्याची जी रीत घालून दिली ती मी आजही मोडत नाही. काय दिसले ते आकड्यात आणि एककासह लिहायचे. ते कधीपासून दिसते आहे ते लिहायचे. मी त्यावर काय केले आणि काय केले नाही ते लिहायचे. आणि वाचणाऱ्याने काय करावे असे मला वाटते ते शेवटी एका वाक्यात लिहायचे. ‘काय केले नाही’ यावर त्यांचा विशेष भर असे, कारण पुढच्या शिफ्टचा माणूस नेहमी असे धरून चालतो की आधीच्याने तेवढे तरी केलेच असेल.

या रीतीची खरी किंमत मला कळली ती एका संध्याकाळी, पहिली शिफ्ट सुटताना. आमच्या लाइनवर बुश, म्हणजे नळीसारखा पोकळ भाग, बनत असे. त्याचा बोअर २५ मिलिमीटर, एच७ मर्यादेतला. म्हणजे माप २५.००० च्या खाली जायचे नाही आणि २५.०२१ च्या वर जायचे नाही. एकूण मोकळीक २१ मायक्रॉनची, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बोअर कापणारा इन्सर्ट, म्हणजे हत्याराचे धारेचे टोक, झिजत जातो तसा बोअर हळूहळू लहान होत जातो, आणि वेळीच ऑफसेट देऊन, म्हणजे यंत्रातली हत्याराची जागा किंचित सरकवून, तो पुन्हा मध्यावर आणायचा असतो. त्या संध्याकाळी माप २५.००४ वर उतरले होते. नेहमीचा सेटर रजेवर, आणि बदली सेटर रफिंगच्या, म्हणजे सुरुवातीच्या ढोबळ कापणीच्या, लाइनवरून आलेला. ऑपरेटरने त्याला यंत्रापलीकडून ओरडून सांगितले, “पाच डिव्हिजन वाढवा.” ऑपरेटरच्या हातातल्या मापकाच्या डायलवर एक डिव्हिजन, म्हणजे एक रेघ, ही एक मायक्रॉनची. सेटरची सगळी हयात ज्या डायलवर गेली होती त्यावर एक डिव्हिजन म्हणजे ०.०१ मिलिमीटर, म्हणजे त्याच्या दहापट. त्याने ०.००५ च्या जागी ०.०५० चा ऑफसेट दिला आणि बोअर २५.००९ वर येण्याऐवजी २५.०५४ वर गेला.

नियमानुसार ऑफसेट दिल्यावर पहिला तुकडा मोजल्याशिवाय पुढे जायचे नसते. पण तेवढ्यात शिफ्टची घंटा झाली, ऑपरेटरला वाटले सेटर मोजून जाईल, सेटरला वाटले ऑपरेटर मोजेल, आणि दुसऱ्या शिफ्टच्या माणसाने रजिस्टर उघडले तर त्यात ‘ऑफसेट दिला, ओके’ असे तीन शब्द होते. त्याने काम सुरू केले. थोड्या वेळाने त्याने प्लग गेज, म्हणजे भोकात घालून माप तपासायचा दांडा, लावला तर जे टोक आत जाताच कामा नये ते सहज आत गेले. बोअर लहान राहिला असता तर पुन्हा एक कट घेऊन माप साधता आले असते. मोठ्या झालेल्या बोअरवर धातू परत चढवता येत नाही, त्यामुळे तोवर निघालेले सगळे तुकडे लाल पेटीत गेले.

दुसऱ्या दिवशी जे काही झाले त्यात मला सर्वांत जास्त रस वाटला तो मॅडमच्या प्रश्नांत. चूक कोणाची, या प्रश्नावर बरीच गरमागरमी होऊ शकली असती, कारण दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघेही अनुभवी होते. मॅडमनी दोघांना डायल आणायला सांगितले, ते शेजारी ठेवले आणि दोघांनाही ‘पाच डिव्हिजन’ दाखवायला सांगितले. सुया दोन्ही डायलवर पाच रेघा सरकल्या. बाकी बोलण्याची गरजच उरली नाही. त्या आठवड्यापासून आमच्या लाइनवर ऑफसेट फक्त मायक्रॉनमध्ये सांगायचा, ऐकणाऱ्याने तो आकडा परत म्हणून दाखवायचा आणि रजिस्टरात ऑफसेटच्या आधीचे व नंतरचे माप दोन्ही लिहायचे असे ठरले. विमान चालवणारे आणि नियंत्रण कक्षातले लोक सूचना परत म्हणून दाखवतात हे पुढे मला वाचनात सापडले. तिथे जी गोष्ट नियम म्हणून असते ती आमच्याकडे नुकसानीतून आली.

या प्रसंगानंतर मी ‘समजले का?’ हा प्रश्न विचारणे हळूहळू बंद केले. कंत्राटावर नवा मुलगा आला की त्याला गेज कसा धरायचा, बोअर दोन दिशांनी का मोजायचा, शंका आली तर तुकडा कुठे ठेवायचा, हे दाखवण्याचे काम माझ्याकडे असे. ‘समझ गये?’ असे विचारले की उत्तर ठरलेले: ‘हाँ मॅडम.’ नव्या ठिकाणी आलेला, रोजंदारी बुडण्याच्या धास्तीत असलेला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा दुसरे काय म्हणणार? मीही वर्गात तेच म्हणत आले होते. मॅडमनी मला सांगितले की आधी तू करून दाखव, मग बोलत बोलत पुन्हा करून दाखव, मग त्याला करायला लाव आणि करता करता तो काय करतो आहे ते त्यालाच बोलायला लाव. पुढे मला कळले की या पद्धतीला मोठा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत लाखो अननुभवी माणसे कारखान्यांत आली तेव्हा त्यांना झटपट शिकवण्यासाठी पर्यवेक्षकांना चार पायऱ्या घालून दिल्या होत्या: शिकणाऱ्याची तयारी करणे, काम दाखवणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि नंतर लक्ष ठेवणे. युद्धानंतर हाच कार्यक्रम जपानमध्ये गेला आणि तिथल्या वाहन उद्योगाने तो उचलला. त्यांचे एक सूत्र होते की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलेच नाही. हे वाक्य मला आमच्या व्हायव्हाच्या दिवशी कोणी ऐकवले असते तर फार बरे वाटले असते, असा एक खट्याळ विचार मनात येऊन गेला.

माझी हिंदी लातूरकडची, दूरदर्शनवर वाढलेली. ‘नापना’ म्हणावे की ‘मोजना’ यावरून ओडिशाच्या एका मुलाला पहिल्यांदा हसू फुटले आणि त्यानंतर तो मला मोकळेपणाने प्रश्न विचारू लागला. चुकीच्या हिंदीने आमचे काही अडले नाही. मी घाईत असताना पाठमोरी बोलले की मात्र अडे.

वरिष्ठांशी बोलण्याचा भाग याहून अवघड होता. रोज सकाळी उत्पादन, देखभाल, गुणवत्ता आणि स्टोअर यांची उभ्याउभ्या बैठक होई आणि प्रत्येकाला जेमतेम मिनिटभर मिळे. आमच्यासारख्या नवख्यांची तिथे दोन प्रकारची गत होते. एक प्रकार म्हणजे वाईट बातमी शेवटी सांगणे: आधी किती तुकडे निघाले, कोणते यंत्र बरे चालले, आणि साहेब घड्याळाकडे पाहू लागले की हळूच ‘थोडं रिजेक्शन आहे’. दुसरा प्रकार म्हणजे माहितीऐवजी सफाई देणे, म्हणजे विचारायच्या आधीच कारणे सांगू लागणे. मी बरेच दिवस पाहत होते की अनुभवी लोक पहिल्याच वाक्यात नुकसान सांगून टाकतात, आकड्यासह. दुसऱ्या वाक्यात ते थांबवण्यासाठी काय केले ते सांगतात. आणि तिसऱ्यात कोणाकडून काय हवे आहे ते त्या माणसाचे नाव घेऊन मागतात. कारण कळले नसेल तर ‘अजून कळलेले नाही, दुपारपर्यंत सांगते’ असे म्हणतात, आणि दुपारी खरोखरच सांगतात. वाईट बातमी आधी सांगणाऱ्याला ओरडा बसत नाही असे नाही. बसतो. पण त्याच्या शब्दावर नंतर कोणी शंका घेत नाही, आणि कारखान्यात ही पत बाकी सगळ्या कौशल्यांपेक्षा उशिरा मिळते.

पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात ग्राहकाकडून एक तक्रार आली: तेलाच्या भोकाच्या कडेला बर आढळली. बर म्हणजे कापलेल्या धातूची कडेला राहिलेली बारीक, धारदार किनार. ती तुटून तेलात गेली तर पुढे इंजिनात नुकसान करते. अशा तक्रारीचे उत्तर वाहन उद्योगात ‘एट-डी’ अहवालाने द्यायचे असते. आठ टप्प्यांची ही पद्धत फोर्ड कंपनीने १९८७ मध्ये पुस्तिकेच्या रूपात मांडली आणि ती सगळीकडे पसरली. मसुदा मॅडमनी मला लिहायला दिला.

मी जे लिहिले त्याची सुरुवात दिलगिरीच्या लांबलचक इंग्रजी परिच्छेदाने झाली होती, तसे नमुने मला जुन्या फायलींत भरपूर सापडले होते. मॅडमनी तो सगळा परिच्छेद काढला. ग्राहकाच्या माणसाला पहिल्या दिवशी एवढेच कळायला हवे असते, त्या म्हणाल्या, की त्याच्या गोदामातला, वाटेतल्या गाडीतला आणि आपल्याकडचा माल यांपैकी कोणता वापरायचा आणि कोणता वापरायचा नाही. त्याची लाइन थांबेल का, हा त्याचा प्रश्न आहे, आपल्या भावना हा नाही. मग दुसरा टप्पा, म्हणजे प्रश्नाचे वर्णन. तिथे ‘बर आढळली’ हे पुरत नाही. किती तपासले, त्यात किती सापडले, बर भोकाच्या आतल्या कडेला की बाहेरच्या, कोणत्या यंत्रावरच्या मालात आहे आणि कोणत्या यंत्रावरच्या मालात नाही, कोणत्या तारखेपासून आहे आणि त्याआधी नाही. ‘कुठे नाही’ हा रकाना मला आधी भरताड वाटला होता. प्रत्यक्षात सगळा उलगडा त्या रकान्यातूनच झाला: बर फक्त आतल्या कडेला होती, फक्त एकाच यंत्रावरच्या मालात होती आणि एका विशिष्ट आठवड्याच्या आधी कुठेच नव्हती.

त्या आठवड्यात काय बदलले, हे शोधायचे काम कागदावर होणारे नव्हते. ड्रॉइंग तेच, टूल तेच, प्रोग्रॅम तोच. बर काढणारा ब्रश मात्र झिजलेला होता. “ब्रश का नाही बदलला?” असे त्या यंत्रावरच्या मुलाला एका पर्यवेक्षकाने माझ्यासमोरच विचारले आणि उत्तर आले, “किसी ने बोला नहीं.” इथे चौकशी संपण्याची दाट शक्यता होती. मी जेवणाच्या सुटीत त्या यंत्रावर अनेक वर्षे काढलेल्या मामांकडे गेले. ते नुकतेच गावाकडची सुगी आटोपून रजेवरून परतले होते. मी त्यांना ब्रश का बदलला नाही असे विचारले नाही, कारण तो त्यांचा दोष नव्हताच. मी विचारले, “मामा, तुम्ही असता तेव्हा ब्रश बदलायची वेळ झाली हे तुम्हाला कसं कळतं?” मामांनी डबा बाजूला ठेवला आणि करंगळी वर केली. “ही भोकात घालून बघायची. कड लागली की बदलायचा.” मग ते स्वतःच म्हणाले, “पण हे कुणी विचारलंच नव्हतं की आजवर.”

ब्रश किती तुकड्यांनंतर बदलायचा याची नोंद कारखान्यात कुठेही नव्हती. ती मामांच्या करंगळीत होती आणि मामा रजेवर गेले तेव्हा ती त्यांच्याबरोबर गावी गेली. अहवालात मी मूळ कारण म्हणून हेच लिहिले, अर्थात सभ्य इंग्रजीत, की ब्रशचे आयुष्य ठरवलेले व लिहिलेले नव्हते. त्यानंतर मामांना शेजारी बसवून आम्ही चाचण्या घेतल्या, आकडा ठरवला आणि तो यंत्रावरच्या फलकावर मराठी व हिंदीत, छायाचित्रासह लावला. शेवटचा, आठवा टप्पा गटाचे कौतुक करण्याचा असतो आणि बहुतेक अहवालांत तो उरकला जातो. आम्ही त्यात मामांचे नाव घातले. इंग्रजी अहवालात आपले नाव आहे हे त्यांनी दोनदा वाचून घेतले आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.

आता इंग्रजीबद्दल. तिची गरज नाही असे सांगून मोकळे होणाऱ्यांपैकी मी नाही, कारण ते खोटे आहे आणि ग्रामीण भागातून येणाऱ्या मुलांचे त्याने नुकसान होते. ग्राहकाचे ऑडिट इंग्रजीत होते, ड्रॉइंगवरच्या टिपा इंग्रजीत असतात, परगावच्या ग्राहकाशी पत्रव्यवहार इंग्रजीत होतो, आणि ज्याला ते जमत नाही तो लाइनवर कितीही हुशार असला तरी एका पायरीवर थांबतो, असे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण नोकरीत लागणारे इंग्रजी आणि मुलाखतीच्या तयारीच्या नावाखाली विकले जाणारे इंग्रजी यांत मोठे अंतर आहे. मला जे इंग्रजी लागले ते मी जुन्या मेलची साखळी वाचून शिकले: विषयाच्या ओळीत पार्ट नंबर आणि मुद्दा, पहिल्या वाक्यात मागणी किंवा उत्तर, मग आकडे, मग तारीख. छोटी वाक्ये. साधी क्रियापदे. मनात मराठीत मुद्दे स्पष्ट नसतील तर इंग्रजी मसुदा लांबत जातो, हे मला माझ्याच खोडलेल्या मसुद्यांवरून कळले. म्हणून मी आधी कागदावर मराठीत मुद्दे टिपते आणि मगच संगणकाकडे वळते.

निवडीच्या वेळी मात्र हा हिशेब बऱ्याचदा उलटा होतो, ही माझी तक्रार आहे. सफाईने बोलणारा पहिल्या पाच मिनिटांत पुढे जातो, आणि ज्याला पाहिलेली गोष्ट क्रमाने सांगता येते, न कळलेली गोष्ट विचारता येते आणि वाईट बातमी दडवायची नसते हे कळते, त्याला ते दाखवण्याची संधीच मिळत नाही. मला ती मिळाली, कारण एका साहेबांना पाठ फिरवून बसण्याची सवय होती. सगळ्यांनाच असे साहेब भेटत नाहीत. शिवाय मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते: लाइनवर मोठ्या आवाजात, थेट मागणी करणारी मुलगी अनेकांना उद्धट वाटते आणि हळू बोलणारीचे कोणी ऐकत नाही. यावर मला सापडलेला उपाय फार थोर नाही. आकडा आधी सांगायचा. आकड्यावर कोणी नाराज होत नाही.

उमेदवारीचे वर्ष संपल्यावर मला त्याच कारखान्यात घेतले, आणि हल्ली आमच्या तंत्रनिकेतनातली शेवटच्या वर्षाची मुले-मुली अधूनमधून फोन करून विचारतात की मुलाखतीसाठी कोणता क्लास लावावा. मी त्यांना त्यांच्या प्रकल्पाची वही काढायला सांगते. त्या वहीत तुम्ही स्वतः केलेले काम असे लिहा, की पुढच्या तुकडीला तुम्हाला फोन न करता तिथून पुढे सुरू करता येईल: कोणते माप का घेतले, काय करून पाहिले, काय जमले नाही आणि तुमच्या मते आता काय करावे. लिहून झाल्यावर ती दुसऱ्या शाखेतल्या मित्राला वाचायला द्या आणि त्याने काय काय विचारले ते वहीच्या समासात टिपून ठेवा. बहुतेक जण ऐकून घेतात आणि शेवटी क्लासचे नाव पुन्हा विचारतात. मागच्या महिन्यात उदगीरच्या एका मुलीने मात्र तिच्या वहीच्या पानांचे फोटो पाठवले. समास प्रश्नांनी भरला होता, आणि त्यातला पहिलाच प्रश्न होता, ‘हे माप मिलिमीटरमध्ये आहे की इंचात?’